शुक्रवारचे ताट

10 जानेवारी 2020 हा शुक्रवार होता. त्या दिवशी उस्मानाबादला त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झाले. ना. धों. महानोरांनी उद्घाटन केले. अध्यक्षस्थानी आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष कसा होतो, हा प्रश्न त्यांची निवड झाली त्या दिवसापासून काही मंडळी विचारीत होती. त्यामुळे वसईहून गेलेल्या आम्हां लोकांच्या मनात अभिमान होता आणि थोडी धाकधूकही होती. मंडपातून बाहेर पडेपर्यंत रात्र झाली. मुक्कामाला मी गुरुजींच्या घरी गेलो.

गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले शिक्षक. घरात ते, त्यांची पत्नी, वृद्ध आई आणि धाकटी लेक. हातपाय धुऊन मी दस्तरखानावर बसलो. समोर वांग्याची बिर्याणी आली, दुधी भोपळा घातलेला दालचा आला, कांद्याची कोशिंबीर आली. मांसाचा तुकडा कोठेही नव्हता. मुसलमानाच्या घरी, पाहुणा आलेला असताना, हे मला जरा नवलाचे वाटले. माझ्या चेहऱ्यावर ते उमटले असावे. गुरुजींच्या पत्नी हसून म्हणाल्या, “आज जुम्मा है ना, फादर. तुम्हारा उपास रहता ना.”

घास माझ्या हातातच राहिला. माझा शुक्रवारचा उपवास ही एक थाप होती, आणि ती मी सव्वीस वर्षांपूर्वी मारली होती.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी तिकडची घरे. ती झोपलेल्या माणसांवर बसली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. मी तेव्हा सेमिनरीत शिकत होतो. आम्ही काही विद्यार्थी मदतकार्यासाठी सास्तूरच्या बाजूला गेलो. तेथे एका तंबूच्या शाळेत गुरुजी मुले गोळा करीत होते. स्वतःचे घर पडलेले, आणि हा मनुष्य मुलांना पाढे म्हणायला लावीत होता. त्यांच्या पत्नीने तीन दगडांच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात काहीतरी शिजवले होते आणि पहिले ताट त्यांनी माझ्यापुढे धरले. मी म्हणालो, “आज शुक्रवार आहे. माझा उपवास असतो.”

उपवास नव्हता. शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याची आमच्या चर्चची जुनी शिस्त आहे, तिचा मी आडोसा घेतला एवढेच. कारण काय होते, ते आता आठवत नाही असे म्हणणे सोपे आहे. पण मला ते आठवते. त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईत दंगल झाली होती, मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले होते, आणि तेवीस वर्षांच्या माझ्या मनात एक अढी बसली होती. मला त्या हातचे नको होते. वर्गात मी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रावर निबंध लिहिला होता. 1965 च्या त्या घोषणापत्रात चर्चने मुसलमानांविषयी आदर व्यक्त केला आहे. निबंधाला चांगले गुण मिळाले होते. आणि लहानपणी वसईत एका मित्राच्या घरी माझ्यासाठी वेगळा कप ठेवलेला असे, तो पाहून मी घरी येऊन रडलो होतो, हेही मला त्या तंबूपुढे आठवायला हवे होते. आठवले नाही.

बाईंनी ताट मागे घेतले आणि कोठून तरी दोन केळी पैदा केली. त्या उद्ध्वस्त मुलखात केळी कोठून आणली, देव जाणे. पुढे गुरुजींची पत्रे येत राहिली, मी दोनतीनदा जाऊन आलो, नेमका शुक्रवार कधी पडला नाही. आणि सव्वीस वर्षांनी शुक्रवार पडला तेव्हा त्या माउलीने आठवण ठेवून सबंध बेत बदलला होता.

बेत मात्र लेकीचा होता. वांग्याची बिर्याणी तिने खास त्या दिवसासाठी शिकून घेतली होती. काटेरी वांगी, दही, पुदिना, तळलेला कांदा, आणि पातेल्याच्या झाकणाला कणकेने बंद करून दिलेला दम. झाकण फोडताना ती शेजारी उभी होती. भूकंपानंतर दोन वर्षांनी जन्मलेली ही मुलगी मी लहानपणी पाहिली होती. आता ती मराठी विषय घेऊन एम. ए. झाली होती आणि शहराबाहेरच्या एका गावात शाळेत मराठी शिकवीत होती. जेवताना ती श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या ‘योगसंग्रामा’विषयी इतके सुरेख बोलली, की मी भारावून म्हणालो, “तुझं मराठी किती छान आहे गं!”

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “तुमचंही, फादर.”

तिच्या आवाजात राग नव्हता. पण मला चटका बसायचा तो बसलाच. हेच वाक्य मी पुण्यात ऐकले आहे, नागपुरात ऐकले आहे, व्याख्यानानंतर हार घालताना ऐकले आहे. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले. तरी चारशे वर्षांनंतरही आमच्या मराठीचे लोकांना कौतुक वाटते, आणि त्या कौतुकात आम्ही पाहुणे असल्याचे गृहीत असते. फादर दिब्रिटोंना त्या आठवड्यात जे विचारले जात होते, तेच मी गोड शब्दांत त्या पोरीला विचारले होते. डॉ. यू. म. पठाण 1990 साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे मला ठाऊक होते. ठाऊक असणे आणि जिभेला वळण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा लेख लिहू का, असे मी तिला अलीकडे विचारले, तेव्हा तिने दोन अटी घातल्या. पहिली, नाव छापायचे नाही. दुसरी, बुरख्यावर परिच्छेद लिहायचा नाही. “बाजारात जाताना मी घालते, शाळेत ओढणी घेते. तुमच्या झग्यावर कोणी परिच्छेद लिहितं का?” मी दोन्ही अटी मान्य केल्या आहेत.

त्या मुक्कामात तिचा दिवस मी जवळून पाहिला. फजरच्या अजानला घर जागे होते. नमाजानंतर पहिले काम पाण्याचे. त्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. येते त्या दिवशी घरातले प्रत्येक भांडे भरून ठेवावे लागते, आणि बाकीच्या दिवशी कोणत्या पिंपातले पाणी कशासाठी याचा हिशेब असतो. हा हिशेब तिच्याकडे. तांदूळ धुतलेले पाणी भाजीला, भाजी धुतलेले पाणी कुंडीतल्या पुदिन्याला. आमच्या वसईत विहिरीला हात लावला की पाणी; पाणी मोजून स्वयंपाक करणे म्हणजे काय, हे मी तेथे पाहिले. मग दादीच्या गोळ्या, अब्बांचा चहा, स्वतःचा डबा, आणि स्कूटीवरून शाळा. दुपारी परत आल्यावर गल्लीतली चारपाच मुले शिकवणीला येतात. गुरुवारी संध्याकाळी गुरुजी ख्वाजा शम्सुद्दीन गाझींच्या दर्ग्यात जातात, ती त्यांना स्कूटीवर मागे बसवून नेते. निवृत्त शिक्षकाला लेकीच्या मागे बसून जाताना पाहून पेठेतले जुने विद्यार्थी नमस्कार करतात आणि गुरुजी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून मानेनेच उत्तर देतात.

या सगळ्यात तिची स्वतःची म्हणून जी जागा आहे, ती स्वयंपाकघरात संध्याकाळी सातनंतर. तिच्याकडे एक जाड वही आहे. शाळेतल्या गुणपत्रकासारखे तिचे रकाने आखलेले आहेत: तारीख, पदार्थ, अब्बा, अम्मी, दादी, शेरा. प्रत्येक पदार्थाला प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे. गुरुजी जन्मभर पेपर तपासलेले, ते अर्धा गुणसुद्धा कापतात. अम्मी सगळ्याला आठ देते. दादी आकडा सांगत नसे, ती एक घास खाऊन म्हणे, “नमक.” कमी की जास्त, हे ओळखायचे काम लेकीचे.

वही मी रात्री चष्मा लावून वाचली. ज्वारीच्या शेवयांचा शीरखुर्मा: गुरुजींचे गुण दोन. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. शेवया दुधात पडल्या आणि विरघळल्या. शेऱ्यात लाल शाईने लिहिले होते, ‘शेवया बेपत्ता, शोध सुरू.’ हुलग्याच्या शेंगोळ्यांना मिरचीच्या सालनात सोडले, साडेसात. भूमच्या खव्याची पोळी, नऊ. जर्दाळूचे मीठे, ज्यात जर्दाळूऐवजी बोरे घातली: ‘पुन्हा करू नये.’ अंबाडीच्या भाजीखाली तिने एक टीप लिहिली होती. शेजारच्या देशमुखांच्या घरी अंबाडी ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजते, आमच्या घरी गोश्तबरोबर. पण फोडणीतला लसूण दोन्हीकडे सारखाच ठेचतात आणि करडीचे तेल दोन्हीकडे तेच.

वहीत फार विद्वत्ता नाही. पण मराठवाड्यातल्या खाण्याविषयी मी जे थोडे वाचले आहे, त्याहून अधिक मला त्या वहीत सापडले. हैदराबादच्या दरबारातून उतरलेले दालचा आणि सालन, आणि काळ्या रानातून आलेली ज्वारी, हुलगा, अंबाडी, करडी. दोन्ही एका चुलीवर कित्येक पिढ्या शिजत आली आहेत. तिकडे कंदुरी नावाची चाल आहे. पिराला केलेला नवस फेडायचा, बकरे कापायचे, गावाला जेवण घालायचे. नवस बोलणारा पुष्कळदा हिंदू शेतकरी असतो, बकरे हलाल करणारा मुलाणी असतो, आणि भाकरी दोन्हीकडच्या बाया थापतात. ती म्हणाली, “फादर, यावर लोक सलोख्याची भाषणं करतात. जेवणारे भाषण करत नाहीत, ते रस्सा मागतात.”

शनिवारी तिने हुरड्याचे कबाब केले. जानेवारी म्हणजे हुरड्याचा हंगाम. कोवळी ज्वारी भाजून, पाखडून, हिरवी मिरची, लसूण आणि कोथिंबिरीबरोबर जाडसर वाटायची, बांधणीला थोडे हरभऱ्याचे पीठ, आणि तव्यावर करडीच्या तेलात परतायचे. त्या वेळी वहीत ‘फादर’ असा एक नवा रकाना आखला गेला. मी आदल्या रात्रीच्या बिर्याणीला दहा दिले, कबाबांना दहा दिले. गुरुजी म्हणाले, “असे गुण देणाऱ्या शिक्षकाची आम्ही चौकशी लावत असू.”

रविवारी पहाटे मला मिस्सा करायची होती. तो विषय निघाला तेव्हा एक अडचण माझ्या लक्षात आली. मिस्सेला द्राक्षारस लागतो. तो माझ्या बॅगेत लहान बाटलीत होता, आणि दोन रात्री त्याच घरात होता. सांगावे की न सांगावे? एक थाप त्या घरात आधीच होती. दुसरी नको असे वाटले. गुरुजींना सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग विचारले, “किती लागतो?” मी म्हणालो, “चमचाभर.” ते म्हणाले, “फादर, घरात नको. गच्चीवर करा. गच्चीवर छप्पर नाही, ती जागा त्याचीच.” असे म्हणून त्यांनी वर बोट केले. त्यांना ते सोपे गेले नाही, हे मला दिसत होते. मुलीने गच्चीवर स्टूल नेऊन ठेवले, धुतलेली पांढरी चादर दिली, वाऱ्याने ती उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर ठेवायला खलबत्ता, वरवंटा आणि दोन वजने दिली, आणि ती खाली निघून गेली. बालाघाटच्या डोंगरावरची जानेवारीतली थंडी. बोटे आखडत होती. खालून कढईचा आवाज येत होता. सहलीचा डबा तयार होत होता.

त्या दिवशी घरच्या मंडळींची नळदुर्गला सहल ठरली होती. संमेलनाच्या समारोपाला मी थांबलो नाही, हे येथे कबूल करतो. भाड्याची जीप, पुढे गुरुजी, मागे आम्ही सगळे, पायांशी डबे. या घराच्या सहली अशाच असतात: पावसाळ्यात येडशीजवळ रामलिंगला, हिवाळ्यात कधी परांड्याच्या किल्ल्याला, कधी गोरोबाकाकांच्या तेरला. मुलगी शाळेच्या मुलांना ज्या गोष्टी सांगणार असते, त्या आधी घरच्यांना सांगून पाहते. तुळजापूर मागे पडल्यावर तिने नळदुर्ग सांगायला घेतला. बोरी नदी अडवून दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात बांधलेला बंधारा, त्याच्या पोटातला पाणी महाल, पावसाळ्यात बंधाऱ्यावरून कोसळणारे नर आणि मादी हे दोन धबधबे, आणि तो सुलतान कसा, तर दखनीत ‘किताब-ए-नौरस’ लिहिणारा आणि त्यात सरस्वतीला वंदन करणारा.

जानेवारीत धबधबे नव्हते. आम्ही बंधाऱ्याच्या पोटात उतरून पाणी महाल पाहिला, उपली बुरुजावर चढून वाऱ्याने कान बधिर करून घेतले. दादी मात्र किल्ल्यात आली नाहीत. ‘गुडघे दुखतात’ म्हणून त्या जीपमध्येच बसून राहिल्या. उतरून आल्यावर बाभळीच्या सावलीत चादर अंथरली, दशम्या, खिमा आणि शेंगदाण्याची चटणी निघाली, आणि तेव्हा मी सहज विचारले, “दादी, तुम्ही हा किल्ला कधीच पाहिला नाही?”

त्या म्हणाल्या, “फौज इधरसेच आई थी, बाबा.”

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरले, ते याच रस्त्याने. पहिली चकमक नळदुर्गाशी झाली. 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली. आज तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे, आणि तो तसा असायलाही हवा. रझाकारांनी खेडोपाडी जे अत्याचार केले त्यातून लोक सुटले. पण त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडले ते आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हते. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना केंद्र सरकारने त्याच वर्षाअखेर पाहणीला पाठवले. त्यांच्या अहवालात संस्थानभरातल्या मुसलमान मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला आहे, आणि सर्वांत जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव आहे. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही.

दादी तेव्हा सात वर्षांच्या होत्या. त्यांनी आकडे सांगितले नाहीत. त्यांनी सांगितले, की आईने तांब्याची देग परसात खड्डा खणून पुरली, आणि त्या सगळ्यांना शेजारच्या पाटलाने गोठ्यात कडब्यामागे लपवले. किती दिवस, ते त्यांना आठवत नव्हते. रोज अंधार पडल्यावर पाटलीणबाई भाकरी आणि तिळाची चटणी आणून देत. बाहेर आल्या तेव्हा वडील नव्हते. एवढे सांगून त्या म्हणाल्या, “खाओ, ठंडा हो रा.”

परतीच्या वाटेवर जीपमध्ये कोणी फारसे बोलले नाही. घरी आल्यावर मुलीने वही पुन्हा माझ्यापुढे ठेवली आणि एक पान काढून दिले. तारीख 17 सप्टेंबर. पदार्थ: ज्वारीची भाकरी, तिळाची चटणी. गुणांचे सगळे रकाने कोरे. ती म्हणाली, “त्या दिवशी सकाळी मी शाळेत झेंडावंदनाला असते. पोरांना स्वामी रामानंद तीर्थांची गोष्ट सांगते, मन लावून सांगते. संध्याकाळी घरी येऊन हे करते. दादी दुसरं काही खात नाही.” दोन्ही गोष्टी ती एका दिवसात करते. त्यात काही विसंगती आहे असे तिला वाटत नाही, आणि मलाही तेथे वाटली नाही.

मार्चच्या अखेरीस टाळेबंदी आली. 12 एप्रिलचा ईस्टर मी रिकाम्या चर्चमध्ये, एका मोबाइलपुढे साजरा केला. इतकी वर्षे ज्या बाकांकडे पाहून प्रवचन देत आलो, ते बाक रिकामे. त्या रात्री तिचा फोन आला. “फादर, तुमच्या सणाला काय करतात? आम्ही घरीच आहोत, करून बघते.” मी फुगे सांगितले. आमच्याकडे लग्नकार्यात मैदा, अंडी, नारळाचे दूध आंबवून केलेले गोल तळलेले फुगे असतात. कृती मला येत नव्हती; बहिणीला फोन जोडून दिला. माझी बहीण भोळी. ती म्हणाली, “पीठ भिजवताना ताडी घाल थोडी.” तिकडे शांतता. मग ती सावरली, “नाहीतर खमीर घाल गं,” आणि त्याच दमात पुढे, “आणि त्याच्याबरोबर इंदियाल हवं, डुकराचं...” आणि जीभ चावून थांबली. तिकडून आवाज आला, “सांगा ताई, लिहून घेते. करणार नाही, पण लिहून घेते.” वहीत त्या कृतीखाली शेरा आहे: ‘आपले नाही. तरी कसे करतात ते माहीत असावे.’

खमीर विकणारी दुकाने बंद होती. तिने ज्वारीच्या आंबिलीचे आंबवण मैद्यात घातले आणि नारळाऐवजी म्हशीचे दूध. फुगे फुगले नाहीत. चपटे, चामट वडे झाले. गुरुजींचे तीन गुण. शेरा: ‘फुगे रुसले.’ पण रमजान संपून 25 मे रोजी ईद आली, मशिदी बंद, गुरुजींनी घरातच नमाज पढली, आणि त्या दिवशी तिने पुन्हा प्रयत्न केला. तोवर कोठून तरी खमीर मिळाले होते. तिने छायाचित्र पाठवले: शीरखुर्म्याच्या वाटीशेजारी ताटलीत आठ फुगे, टम्म फुगलेले. वसईच्या माझ्या बहिणीने ते पाहून पदराने डोळे पुसले. मी तिला म्हणालो, “अगं, फुगेच आहेत.”

2022 साली दादी वारल्या. 2023 साली शहराचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. जुने नाव तेच, असे गुरुजी शांतपणे म्हणाले. मुलीने फोनवर एवढेच सांगितले, की घर न बदलता पत्ता बदलला, आणि उस्मानाबादी शेळीला मात्र कोणी विचारले नाही, ती अजून उस्मानाबादीच आहे. त्याच वर्षी तिचा निकाह झाला. सासर त्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे. शाळा चालू आहे. वहीत सासूबाईंचा रकाना वाढला. त्या गुरुजींहून कडक आहेत.

जानेवारी 2024 मध्ये मी पुन्हा गेलो. ती माहेरी आली होती. संध्याकाळी गच्चीवर शेगडी पेटवून तिने हुरड्याचे कबाब लावले होते आणि परवाच्या शुक्रवारी मला काय करावे याचा बेत सांगत होती: तोंडल्याचे काहीतरी, बिनमांसाचे. मला ते ऐकवेना. इतकी वर्षे पापनिवेदन ऐकणारा मी, त्या गच्चीवर, जेथे एकदा मिस्सा केली होती, तेथे त्या मुलीला 1993 ची ती गोष्ट सांगून टाकली.

तिने कबाब उलटले. मग विचारले, “म्हणजे तुम्हांला आमच्या घरचं नको होतं?”

मी म्हणालो, “हो.”

ती बराच वेळ तव्याकडे पाहत राहिली. वाटले, आता उठून जाईल. ती म्हणाली, “तीस वर्षं अम्मी लोकांना सांगते, आमचे फादर शुक्रवार मोडत नाहीत म्हणून. तिला हे सांगू नका.”

मी म्हणालो, “नाही सांगत.”

“आणि शुक्रवार मोडू नका आता.”

मी मान डोलावली. ती खाली गेली. परत आली तेव्हा हातात वही आणि लाल पेन होते. ‘फादर’ हा रकाना तिने माझ्यापुढे उघडला. दहा, दहा, दहा, खालपर्यंत दहा. “हे तरी खरे आहेत का?”

मी पेन घेतले. पहिल्या शुक्रवारच्या वांग्याच्या बिर्याणीपुढचे दहा खोडून सात केले.

“सातच?” तिने विचारले.

“मीठ कमी होतं.”

“दादी तेच म्हणाली होती,” ती म्हणाली, आणि तव्यावरचा पहिला कबाब तिने माझ्या ताटलीत टाकला.